सुरमा, शिसं आणि रियाधची प्रयोगशाळा

मुंबईहून जेद्दाला जाणारी हाजींची जहाजं १९९५ साली बंद झाली. योगायोग बघा, त्याच वर्षी रियाधच्या किंग फैसल स्पेशालिस्ट हॉस्पिटलमधल्या इमान अल-सालेह यांचा एका सहकाऱ्यासोबतचा शोधनिबंध छापून आला. विषय होता सौदी घरांतल्या सुरम्यातून आणि पारंपरिक औषधांतून शरीरात जाणारं शिसं.

सुरमा आपल्याला काही परका नाही. आजी घरी तुपाच्या दिव्यावर धरते ते काजळ म्हणजे काजळी. बाजारातला सुरमा मात्र दगडाची पूड. मूळ सुरमा अँटिमनीचा म्हणतात, पण बाजारात अनेकदा गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज मिळतं. दिसायला दोन्ही काळे आणि चकचकीत, डोळ्यांना फरक कळणार कसा? शेजारच्या कुवेतमध्ये १९८१ साली डॉक्टरांनी २० तान्ह्या बाळांची नोंद छापली: शिशामुळे मेंदूला इजा. संशय होता सुरम्यावर आणि बाळाला शांत करायला शिसं जाळून दिलेल्या धुरीवर. आयांनी हे सगळं मायेनंच केलं होतं.

हा प्रश्न फक्त अरबांचा नाही. १९९८ साली छापून आलेल्या पाहणीत कॅलिफोर्नियातल्या दुकानांतली २६० आशियाई, त्यात बरीच चिनी, औषधं तपासली होती. कित्येकांत शिसं, आर्सेनिक आणि पारा सापडला. २००४ साली बॉस्टनजवळच्या दुकानांतल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये तेच. त्यानंतर भारतानं २००६ पासून निर्यातीच्या निव्वळ वनस्पतिजन्य औषधांची धातूतपासणी सक्तीची केली. शिशाची मर्यादा दहा लाख भागांत १०.

यावर वैद्य म्हणतात, भस्मातला धातू शोधित असतो, कच्चा नसतो. मुद्दा ऐकण्यासारखा आहे, कारण नेहमीच्या तपासणीत नमुना आम्लात विरघळवतात. त्यातून शिसं एकूण किती ते कळतं, कोणत्या रूपात ते नाही. पण म्हणून वाद सुटत नाही. औषध घेणाऱ्याच्या रक्तात शिसं वाढलं, तर शोधन पुरेसं नव्हतं एवढं नक्की.

मग आजीनं पाठवलेली डबी फेकून द्यायची का? आधी आजीला विचारा, घरची की बाजारची? बाजारची असेल आणि तपासणीचा कागद नसेल, तर बाळाच्या डोळ्यात घालू नका. आधीच वापरली असेल, तर डॉक्टरांना न लाजता सांगा. रक्ताची साधी चाचणी असते. आजीवर रागावू नका. तिच्याकडे माया होती, प्रयोगशाळा नव्हती.