ऊद

मोहम्मद अली रोडवरच्या अत्तराच्या दुकानात मी ‘ऊद’ मागितला. पुढ्यात आली व्हॅनिलात घोळलेली, खावीशी वाटणारी कुपी. मला हवा होता बाळंतिणीच्या खोलीतला, धुरीचा ऊद!

अरबीत ‘ऊद’ म्हणजे नुसतं लाकूड. त्याच नावाचं वाद्य, ‘अल-ऊद’, युरोपात गेलं आणि ल्यूट झालं. सुगंधवाल्यांचं लाकूड मात्र अगरूचं, आपल्या आसामातही होणारं. बुरशी लागली की झाड स्वतःला वाचवायला राळ सोडतं, दरवळते ती. मराठीनं नाव उचललं आणि लोबानाच्या जातीतल्या डिंकाला दिलं. गंमत म्हणजे त्या डिंकालाही व्हॅनिलाचाच गोडवा! आता उदबत्तीत ऊद सापडणं मुश्कील. कुपीवर मात्र तो सोनेरी अक्षरांत.