गुरुदीक्षेचा वर्धापनदिन : बंगळूरमधील एका कॅथलिक प्रथेचा इतिहास

कॅथलिक धर्मगुरूच्या आयुष्यात जन्मतारखेपेक्षा गुरुदीक्षेची तारीख मोठी मानली जाते. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचे अनेक वर्षांचे शिक्षण पूर्ण झाले की उमेदवार वेदीपुढे पालथा पडून प्रार्थना करतो. मग बिशप त्याच्या मस्तकावर हात ठेवतात, त्याच्या तळहातांना पवित्र तेलाचा अभ्यंग करतात आणि मिस्सा या मुख्य उपासनेची थाळी व प्याला त्याच्या हाती देतात. हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो. तो पुन्हा देता येत नाही आणि पुसलाही जात नाही, अशी कॅथलिक शिकवण आहे. त्यामुळे त्याचा वर्धापनदिन पाळण्याची प्रथा रूढ झाली. 25 वर्षांनी रौप्यमहोत्सव, 50 वर्षांनी सुवर्णमहोत्सव आणि 60 वर्षांनी हीरकमहोत्सव होतो.

या प्रथेची मुळे फार जुनी आहेत. संत ऑगस्टीन आणि पाचव्या शतकातील पोप पहिले लिओ यांनी आपापल्या बिशपपदाच्या अभिषेकाच्या वर्धापनदिनी दिलेली प्रवचने आजही उपलब्ध आहेत. पदाचा गौरव करून घेण्याऐवजी त्या पदाच्या ओझ्याची जाणीव लोकांपुढे मांडणे, हा ऑगस्टीन यांच्या प्रवचनांचा गाभा आहे. ‘जुबिली’ची कल्पना बायबलच्या जुन्या करारातून आली. तिथे पन्नासावे वर्ष मुक्तीचे मानलेले आहे. एकोणिसाव्या शतकात पोपच्या दीक्षेचे महोत्सव जगभर साजरे होऊ लागले. पोप तेरावे लिओ यांनी 1888 साली दीक्षेचा सुवर्णमहोत्सव साजरा केला, तेव्हा देशोदेशींहून आलेल्या भेटवस्तूंचे मोठे प्रदर्शन व्हॅटिकनमध्ये भरले होते.

बंगळूर पुढे ज्याचा भाग झाले त्या म्हैसूर राज्यात जेझुइट धर्मगुरू सतराव्या शतकाच्या मध्यापासून काम करत होते. टिपू सुलतानाच्या पराभवानंतर, म्हणजे 1799 नंतर, पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेचे आबे द्युबोआ यांनी विखुरलेल्या ख्रिस्ती वस्त्या पुन्हा बांधायला घेतल्या. 1850 साली म्हैसूर हा स्वतंत्र प्रेषितीय प्रांत झाला आणि बिशप शार्बोनो त्याचे प्रमुख झाले. द्युबोआ 1823 साली फ्रान्सला परतले, पण या संस्थेचे बहुतेक मिशनरी परत जाण्याची आशा न धरताच घर सोडत. आईवडील आणि भावंडे समुद्रापार राहिलेल्या अशा माणसाचा दीक्षादिन साजरा करायला त्याच्या धर्मग्रामातले लोकच असत. धर्मग्राम हेच धर्मगुरूचे कुटुंब, ही या प्रथेमागची भावना अशा जीवनातूनच समजते.

स्थानिक धर्मगुरू घडवणे हे या पॅरिसच्या संस्थेचे सतराव्या शतकातील स्थापनेपासूनचे उद्दिष्ट होते. 1844 साली पुदुच्चेरी येथे भरलेल्या सभेने त्यावर पुन्हा भर दिला. पुदुच्चेरीत मूळ असलेली सेंट पीटर्स सेमिनरी 1934 साली बंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये आली आणि दक्षिण भारतातील धर्मगुरूंच्या शिक्षणाचे ती मोठे केंद्र बनली. 13 फेब्रुवारी 1940 रोजी बंगळूर हा वेगळा धर्मप्रांत झाला. मोरिस देपात्यूर हे पहिले बिशप फ्रेंच होते. 1942 साली थॉमस पोथाकामुरी यांच्या रूपाने भारतीय बिशप आले. गुरुदीक्षा देणारा आणि घेणारा असे दोघेही भारतीय असण्याचा काळ तिथून सुरू झाला.

19 सप्टेंबर 1953 रोजी बंगळूर महाधर्मप्रांत झाला आणि त्याच दिवशी बेळगाव धर्मप्रांताची स्थापना झाली. मराठी सीमाभागाशी बंगळूरचे नाते पुढे अधिक जवळचे झाले. 6 डिसेंबर 1967 रोजी गुरुदीक्षा घेतलेले बर्नार्ड मोरास आणि 8 डिसेंबर 1978 रोजी गुरुदीक्षा घेतलेले पीटर मचाडो हे दोघे आधी बेळगावचे बिशप होते. मोरास 2004 साली आणि मचाडो 2018 साली बंगळूरचे आर्चबिशप झाले.

वर्धापनदिनाच्या उपासनेत सर्वांत मोठा बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे झाला. पूर्वी महोत्सवी धर्मगुरू मुख्य वेदीवर लॅटिनमध्ये एकटाच मिस्सा अर्पण करी आणि उपस्थित धर्मगुरू बाजूला बसत. परिषदेच्या 1963 सालच्या उपासनाविषयक घोषणापत्राने सहअर्पणाला, म्हणजे अनेक धर्मगुरूंनी एकत्र मिस्सा अर्पण करण्याला, वाव दिला आणि 1965 पासून त्याचा विधी अमलात आला. आता सोबत शिकलेले, सोबत दीक्षा घेतलेले आणि हाताखाली घडलेले धर्मगुरू त्याच वेदीभोवती उभे राहून मिस्सा अर्पण करतात. लोकभाषेला परवानगी मिळाल्याने बंगळूरमध्ये कन्नड, तमिळ, इंग्रजी, कोकणी अशा भाषांतून हा कृतज्ञतेचा मिस्सा होऊ लागला. 1970 पासून पवित्र आठवड्यातील तैलाशीर्वादाच्या मिस्सामध्ये सर्व धर्मगुरू बिशपसमोर आपली दीक्षावचने एकत्र नव्याने उच्चारतात. वैयक्तिक वर्धापनदिनाला त्यातून सामूहिक जोड मिळाली.

उपासनेला भारतीय रूप देण्याचे मोठे कामही बंगळूरमध्ये झाले. फादर डी. एस. अमलोरपवदास यांनी 1967 साली येथे राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण आणि उपासना केंद्र उभारले. त्यांचे ज्येष्ठ बंधू डी. एस. लूर्दुसामी 1968 साली बंगळूरचे आर्चबिशप झाले. 1969 साली व्हॅटिकनने भारतीय उपासनेसाठी बारा बदलांना मान्यता दिली. आरती, पंचांग प्रणाम, शाल, समई आणि पुष्पार्पण यांना मिस्सात स्थान मिळाले. काही श्रद्धावंतांनी त्याला तीव्र विरोध केला, त्यामुळे सर्व बदल सर्वत्र रुजले नाहीत. तरीही या केंद्रामुळे भारतीय उपासनेच्या चर्चेत बंगळूर अग्रस्थानी राहिले.

1957 साली केरळहून आलेल्या धर्माराम महाविद्यालयामुळे सिरो-मलबार परंपरेचे धर्मगुरूही मोठ्या संख्येने येथे शिकू लागले. सेल्सियन आणि इतर संघांच्या संस्थांनी त्यात भर घातली. परिणामी, एका शहरात अनेक भाषांचे, संघांचे आणि उपासनापद्धतींचे दीक्षामहोत्सव साजरे होतात. मिस्सानंतर हार, शाल, सत्काराची भाषणे आणि सहभोजन होते, पण मुख्य भाग मिस्साचाच राहतो.

उपासनेच्या दिनदर्शिकेत या दिवसाला सणाचा दर्जा नाही. मिस्साग्रंथात त्यासाठी प्रार्थना आहेत आणि त्यांत धर्मगुरू स्वतःच्या दुबळेपणाची कबुली देऊन कृपा मागतो. सत्कार माणसाचा होतो, तरी उत्सव त्याने दिलेल्या वचनाचा असतो. परदेशी मिशनऱ्यांपासून आजच्या भारतीय धर्मगुरूंपर्यंत बंगळूरमध्ये भाषा, वेश आणि विधी बदलले. दीक्षेच्या दिवशी दिलेले वचन लोकांसमोर पुन्हा स्मरणे, हा या दिवसाचा मूळ अर्थ मात्र कायम राहिला आहे.