पत्ता आपला, पेटी दुसऱ्याची

पलूसजवळच्या किर्लोस्करवाडीचे नाव पाहा. १९१० साली तिथे कारखाना उभा राहिला, त्याभोवती वसाहत झाली आणि कारखान्याचे नाव पत्त्यात आले. ई-मेलचे पत्तेही सुरुवातीला असेच होते. त्यात माणसाच्या नावाबरोबर त्याच्या संस्थेचे नाव असे. माणूस संस्था सोडून गेला, की पत्ताही जाई.

याचे मूळ १९७१ मध्ये सापडते. रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेत एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवला. पत्त्यात त्यांनी माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह घातले. म्हणजे पत्र माणसाला नव्हे, तर ‘अमुक यंत्रावरच्या माणसाला’ जाई. आपल्याकडे १९८०च्या दशकात ‘अर्नेट’ हे जाळे उभे राहू लागले. ते प्रामुख्याने आयआयटीसारख्या संस्थांपुरते होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट जनतेसाठी खुले केले. पण त्यासाठी संगणक, दूरध्वनी आणि वर्गणी लागे. केंद्रे मोठ्या शहरांत होती. पलूसहून जोडणी घ्यायची, तर एसटीडीचे बिल वेगळे.

ही गाठ सोडवण्याची कल्पना कॅलिफोर्नियात निघाली, तीही एका साध्या अडचणीतून. बंगलोरला वाढलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांना नव्या उद्योगाविषयी एकमेकांना लिहायचे होते. पण कचेरीच्या जाळ्यातून खासगी ई-मेल उघडता येत नव्हती. वेबची पाने मात्र दिसत होती. मग पत्रच वेबच्या पानावर का दाखवू नये? यातून ४ जुलै १९९६ रोजी ‘हॉटमेल’ सुरू झाले. १९९६ सालीच मुंबईत सुरू झालेल्या रेडिफनेही पुढे अशी सेवा दिली.

हे चालते कसे? पत्रे कंपनीच्या संगणकावर साठवलेली असतात. आपण नाव आणि पासवर्ड दिला, की तो संगणक आपल्या पत्रांचे पान तयार करून पाठवतो. समोरचा संगणक ते फक्त दाखवतो. म्हणून तो कोणाचाही चालतो. ज्याच्याकडे स्वतःचा संगणक नाही, त्यालाही सायबर कॅफेत बसून स्वतःचा पत्ता मिळाला. हा बदल मोठा होता.

मग खर्च कोण करी? जाहिरातदार. शिवाय प्रत्येक पत्राखाली ‘तुम्हीही फुकट खाते उघडा’ अशा अर्थाची ओळ आपोआप जाई. लिहिणाराच नकळत प्रचारक होई. दीड वर्षात खाती ८० लाखांच्या पुढे गेली. डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. किंमत सुमारे ४० कोटी डॉलर असल्याचे सांगितले गेले. खातेदारांच्या पेट्याही अर्थातच नव्या मालकाकडे गेल्या. ऑगस्ट १९९९ मध्ये तर पासवर्डशिवाय कोणाचीही हॉटमेल पेटी उघडता येते, असे उघड झाले. ती चूक नंतर दुरुस्त झाली. पण पत्ता आपला असला, तरी पेटी दुसऱ्याच्या घरात आहे, हे त्यातून दिसले.

शिक्षकांसाठी हा मुद्दा जुना झालेला नाही. प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांत आज ई-मेल मागतात. घाईत एखादा विद्यार्थी दुकानदाराकडून खाते उघडून घेतो. पासवर्ड त्यानेच ठेवलेला, मोबाइल क्रमांकही त्याचाच. पुढे पासवर्ड विसरला, की नवा मिळवण्याचा सांकेतिक अंक त्या दुकानदाराच्या फोनवर जातो. पत्ता संस्थेपासून सुटला, पण किल्ली पुन्हा परक्या हातात गेली.

म्हणून वर्गात एक तास यासाठी द्यावा. प्रत्येकाने आपले खाते कोणत्या क्रमांकाशी जोडले आहे ते तपासावे आणि तो क्रमांक स्वतःचा किंवा घरचा करावा. पासवर्ड स्वतः बदलावा. परक्या संगणकावर काम संपले, की खाते बंद करूनच उठावे.