न सांडणारा डबा

गवत कापण्याच्या यंत्रात पेट्रोल भरताना थोडे सांडले तर बिघडते काय? कॅलिफोर्नियात याच प्रश्नातून एक कायदेशीर नियम जन्माला आला. तिथल्या धुरक्याचे कोडे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास उलगडले होते. पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. पुढे हागेन-स्मिटच राज्याच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. मोटारींच्या धुराड्यांमागोमाग घरोघरच्या पेट्रोलच्या डब्यांची पाळी यायला मात्र १९९९ साल उजाडले.

नवा नियम २००१ पासून लागू झाला. डब्याला तोंड एकच हवे आणि टाकी भरताच धार आपोआप थांबली पाहिजे. यामागची युक्ती आपण वर्गात सहज दाखवू शकतो. पाण्याने भरलेली बाटली उलटी करून तिचे तोंड वाटीतल्या पाण्यात बुडवावे. आत हवा शिरत नाही, म्हणून पाणी बाहेर पडत नाही. डब्याच्या नळीचे टोक पेट्रोलमध्ये बुडाले की तसेच घडते.

बाटली-वाटीत हे हमखास साधते. बागेतल्या यंत्रांच्या टाक्या मात्र नाना आकारांच्या. नळी त्यांत नीट बसेना. नव्या डब्यातून जास्तच सांडते, अशा तक्रारी आल्या. आम्हांला कौतुक वाटते ते हे की मंडळाने त्या ऐकल्या. २००५ मध्ये धार आपोआप थांबण्याची अट गेली. नळी आपोआप मिटण्याची अट आणि प्लास्टिकमधून झिरपणाऱ्या वाफेवरची मर्यादा राहिली. २००९ पासून वाफेची मर्यादा साऱ्या अमेरिकेतील नव्या डब्यांना लागू झाली.