तळटीप : कल्याणची रेडिओ-दुर्बीण
* कल्याणास १९६५ साली प्रा. गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियातून आणविलेल्या ३२ तबकड्यांची जी रेडिओ-दुर्बीण उभारली, ती सूर्यवेधासाठी होती. रेडिओ-उगमांची दृश्य दीर्घिकांशी रुजुवात घालण्याचे काम पुढे १९७० साली सिद्ध झालेल्या उटीच्या दुर्बिणीकडे आले. तेथे उगम चंद्रबिंबाआड लुप्त व पुन्हा प्रकट होण्याचे क्षण टिपून, चंद्राची गती ज्ञात असल्याने, त्या उगमाचे स्थान मुक्रर करीत आणि मग पालोमार वेधशाळेच्या छायाचित्रांत त्या जागी दीर्घिका धुंडाळीत. परंतु रेडिओ-प्रारण पुष्कळदा दीर्घिकेच्या दोहों बाजूंस दूरवर पसरलेल्या खंडांतून येते. सबब तिचा शोध प्रखरतम बिंदूपाशी नव्हे, तर त्या दोन खंडांच्या दरम्यान घ्यावा लागतो. — संपा.