डाव न्यूयॉर्कचा, चाल कलकत्त्याची

बॉबी फिशर या तेरा वर्षांच्या मुलाने जुलै १९५६ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेची कुमार अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. या यशामुळे त्याला न्यूयॉर्कच्या रोझेनवाल्ड स्पर्धेचे निमंत्रण मिळाले. तिथे १७ ऑक्टोबरला त्याची गाठ पडली डोनाल्ड बर्न या कसलेल्या खेळाडूशी. काळी मोहरी घेतलेल्या फिशरने अकराव्या चालीला घोडा पटाच्या कडेला नेऊन ठेवला आणि सतराव्या चालीला चक्क वजीरच देऊ केला! बर्नने तो घेतला. बदल्यात फिशरने एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादे मिळवले व एकेचाळिसाव्या चालीला मात केली. हान्स क्मोख यांनी या डावाला ‘शतकातील सर्वोत्तम डाव’ म्हटले.

या डावाची सुरुवात ग्रुनफेल्ड बचावाची होती. मध्यभाग प्याद्यांनी स्वतः व्यापायचा नाही. तो प्रतिस्पर्ध्याला घेऊ द्यायचा आणि मग लांबच्या उंटाने त्यावर मारा करायचा, हे तिचे सूत्र. ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये ती प्रचारात आणली आणि त्याच वर्षी व्हिएन्नात अलेखाइनसारख्या खेळाडूला तिच्या जोरावर हरवले. म्हणून नाव त्यांचे.

पण हीच मांडणी १८५५ मध्ये कलकत्त्यात पटावर आली होती! तिथे वकिली करणारे जॉन कॉक्रेन यांच्याविरुद्ध महेशचंद्र बॅनर्जी ती खेळले. दोघांमध्ये शेकडो डाव झाले. आपल्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही बहुधा एकच घर सरकते. त्यात मुरलेल्या बॅनर्जींना घाई नव्हती. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवायचे, मागे उंट बसवायचा आणि वाट पाहायची, ही त्यांची रीत. युरोपला ती तेव्हा विचित्रच वाटली असणार.

तो १८५५ चा डाव बॅनर्जी हरले. चाल मात्र टिकली. ‘किंग्ज इंडियन’, ‘निम्झो इंडियन’ या नावांतला ‘इंडियन’ शब्द बॅनर्जींच्याच खेळाकडे बोट दाखवतो. देशाचे नाव राहिले, माणसाचे गळाले. आज आपली मुले कुमार स्पर्धांत याच सुरुवाती खेळतात. त्यांना ग्रुनफेल्ड आणि फिशर जरूर शिकवावेत. सोबत महेशचंद्र बॅनर्जी हे नावही सांगावे.