मुंबईच्या किल्ल्यातील सेंट थॉमस चर्च आणि नगराची तटबंदी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना
मुंबईतील चर्चगेट स्थानकाच्या नावात चर्च आणि दरवाजा हे दोन्ही शब्द आहेत. स्थानकापाशी मात्र दोहोंपैकी एकही नाही. ज्या चर्चवरून हे नाव पडले ते सेंट थॉमस चर्च हॉर्निमन सर्कलच्या पश्चिमेस उभे आहे, तर ज्या तटाला तो दरवाजा होता तो तट १८६० च्या दशकात पाडण्यात आला. या चर्चचा इतिहास बहुधा इंग्रजांच्या धार्मिक जीवनाचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात त्याचा तटबंदीशी व स्थानिक समाजाशी असलेला संबंध तपासला आहे.

अपूर्ण राहिलेल्या भिंती
१६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याच्या कारकिर्दीत १६७६ मध्ये चर्चच्या बांधकामास आरंभ झाला; परंतु १६७७ मध्ये सुरतेस त्याचे निधन झाले आणि काम थांबले. पुढील सुमारे चार दशके अर्धवट भिंती तशाच उभ्या होत्या. याच काळात, १६८९-९० मध्ये, जंजिऱ्याच्या सिद्दीने बेटाला वेढा घातला. १७१४ मध्ये आलेला धर्मोपदेशक रिचर्ड कॉब याने वर्गणी जमवून काम पुन्हा सुरू केले. २५ डिसेंबर १७१८ रोजी, नाताळच्या दिवशी, चर्च उपासनेसाठी खुले झाले.

चर्च आणि तट
चर्च पूर्ण होत असतानाच गव्हर्नर चार्ल्स बून याने नगराभोवती तट उभारण्याचे काम हाती घेतले. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे सामर्थ्य हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. तटाला अपोलो, चर्च आणि बाजार असे तीन दरवाजे होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर मुंबईकर व्यापाऱ्यांनी खंदकासाठी वर्गणी दिली. तटाच्या संरक्षणात देशी व्यापाऱ्यांचेही हितसंबंध गुंतले होते, हे यावरून स्पष्ट होते.

रामा कामती प्रकरण
चर्चच्या उद्घाटनप्रसंगी रामा कामती हा प्रतिष्ठित शेणवी व्यापारी आपल्या ज्ञातिबांधवांसह उपस्थित होता आणि उपासना संपेपर्यंत ही मंडळी थांबली, अशी नोंद स्वतः कॉबने केली आहे. वाळकेश्वर मंदिराची पुनर्बांधणी याच कामतीने केली होती. मात्र १७२० मध्ये, बूनच्याच कारकिर्दीत, आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून त्याच्यावर खटला चालला. त्याची मालमत्ता जप्त झाली व कैदेतच त्याचा अंत झाला. पुराव्यादाखल सादर झालेली पत्रे बनावट असल्याचे पुढे निष्पन्न झाले. चर्चच्या सोहळ्यात सन्मानाने वावरणारा मनुष्य दोन वर्षांच्या आत शत्रुपक्षाचा ठरतो, ही घटना बोलकी आहे. तटाच्या आत राहणे म्हणजे विश्वासास पात्र ठरणे नव्हे, हे सत्य त्यातून प्रकट होते.

नंतरची स्थित्यंतरे
१८३७ मध्ये मुंबईसाठी स्वतंत्र बिशपची नेमणूक झाली व चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. १८३८ मध्ये मनोरा उभारला गेला, तर १८६० च्या दशकात वेदीकडील भाग वाढविण्यात आला. शहरातील अंतरे याच चर्चपासून मोजली जात. त्या काळचे मैलाचे दगड आजही काही ठिकाणी आढळतात. गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या काळात तट पाडला गेला. चर्चगेटच्या जागी फ्लोरा फाउंटन उभे राहिले आणि संयुक्त महाराष्ट्र आंदोलनातील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ तो परिसर पुढे हुतात्मा चौक झाला. २००४ मध्ये चर्चच्या जतनकार्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार लाभला.

समारोप
सेंट थॉमस चर्चच्या भिंतींवर कंपनीच्या अधिकाऱ्यांची स्मारके आहेत. रामा कामतीचा उल्लेख कागदपत्रांतच शोधावा लागतो. वास्तूचे जतन करताना तिच्या दाराशी उभ्या राहिलेल्या समाजाची नोंदही जतन झाली, तरच तटबंदीतील मुंबईचा इतिहास पूर्ण होईल.